नाताळची तयारी दिवाळीत

आमच्या बोईसरच्या घरात नाताळचं ठरवणं दिवाळीत सुरू होतं, आणि ते फराळापासून नव्हे, ड्यूटीपासून. तारापूर एमआयडीसीतले कितीतरी कारखाने रात्रंदिवस चालतात, सणासाठी प्लांट थंड करता येत नाही. माझा नवरा पाळीत काम करतो. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो कामावर जातो आणि त्याचा हिंदू सोबती 24 डिसेंबरची रात्रपाळी उचलतो. माझं प्रत्येकीला सांगणं आहे, ही अदलाबदल नुसती तोंडी ठेवू नका, दिवाळीतच चार्टवर चढवून घ्या. नवरा पाळीत अडकला की ख्रिस्तजन्माचा गोठा, तारा, मिस्सा, पाहुणे, सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर येतं.

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली. वसईची, केरळची, मंगळूरची, गोव्याची कुटुंबं नोकरीपायी इथे आली. सासवा, जावा, नणंदा मात्र गावीच राहिल्या. माझ्या माहेरी, वसईला, कलकल करायला ओटीवर सगळं घर बसायचं. त्या दहा हातांच्या पदार्थांची यादी आज फ्लॅटमधली बाई एका जोडीने पुरी करू बघते आणि 25 तारखेला दमून झोपते. हे मला बघवत नाही.

तेव्हा आधी हात गोळा करायचे. आगमनकाळाचे चार रविवार असतात, त्यातला दुसरा मी कलकलांना देते. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर घालून पीठ घट्टसर मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी तेलाचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि सुरळी करून सोडवायची. वर रेघा उमटतात, शिंपल्यासारखा आकार येतो. सातआठ वर्षांचं मूलही हे छान करतं. टोक मात्र नीट दाबायला शिकवा, नाहीतर कढईत सुरळी उलगडते. तळणं मोठ्यांनी करावं. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरलेले कलकल नाताळपर्यंत छान टिकतात. न्यूऱ्यांना, म्हणजे आमच्या करंज्यांना, शेजारच्या काकू येतात. करंजीवर त्यांचा हात बसलेला आहे, सारण तेवढं आमच्या पद्धतीचं. दिवाळीत मी त्यांच्या चकल्या पाडायला जाते, त्यामुळे मागताना संकोच वाटत नाही.

केकचा सुकामेवा नोव्हेंबरातच रममध्ये भिजतो. रम नको असेल तर आदल्या दिवशी संत्र्याच्या रसात भिजवला तरी चालतं. मसाल्याचा प्रश्न उन्हाळ्यातच मिटलेला असतो: ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, कुटून, गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला असतो.

डुकराच्या मांसाचं सोरपोतेल हे आईचा खरा सोबती. व्हिनेगरमुळे ते मुरतं, दोन-तीन दिवसांनी जास्त चवदार लागतं. 22 तारखेला करा, फ्रिजमध्ये ठेवा, रोज एकदा नीट उकळी द्या. फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, मात्र ताजेच हवेत. पूर्वी त्यांचं पीठ ताडीने फुगवायचे, आता बहुतेक जणी यीस्ट वापरतात. पीठ 24च्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी नुसतं तळायचं उरतं.

खर्चाचंही तसंच. मैदा, साखर, काजू दिवाळीच्या किराण्यातच थोडे जास्त भरले की डिसेंबरच्या पगारावर ताण येत नाही. दिव्यांच्या माळा दिवाळीच्याच चालतात.

मिस्साची वेळ चर्चमध्ये आधी विचारून ठेवा, ती सगळीकडे मध्यरात्रीची नसते. वसईला जायचं असेल तर गाडीही बघून ठेवा. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत येते खरी, पण विरारच्या पुढे फेऱ्या मोजक्याच. लहान मुलं घेऊन रात्री फलाटावर ताटकळण्यापेक्षा आम्ही 24ला इथेच मिस्साला जातो आणि माहेरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने.

आणि यादीतला एक पदार्थ दरवर्षी खोडा. यंदा मी मिल्क क्रीम करणार नाही. दूध आटवत तासभर ढवळत उभं राहावं लागतं, शिवाय ते फार टिकतही नाही. ते वहिनीकडे आहे, तिच्या वाट्याचे कलकल मी नेणार आहे. परत आल्यावरच्या भांड्यांची पाळी मुलांची, तीही आत्ताच फ्रिजवर लिहून लावली आहे.