व्यसन आणि मनाचा आजार : इलाज दोन्हींवर एकदम हवा

दुधनीच्या बाजारात तुरीची आवक सुरू झाली, की चार पैसे हातात खेळतात. पट्टी मिळते, दुकानाची उधारी फिटते. काही घरांतला पैसा मात्र उंबऱ्याआधीच गुत्त्यावर संपतो. अशाच एखाद्या घरात आणखी एक दुखणे असते. माणूस रात्र रात्र झोपत नाही, एकटाच पुटपुटतो, बायकोवर नाहक संशय घेतो, कानात आवाज येतात म्हणतो. शेजारी म्हणतात, ‘पिऊन डोकं फिरलंय.’ भावकी म्हणते, ‘बाहेरचं काही असेल.’ वाचकहो, ही दोन आजारांची गुंतागुंत असू शकते.

आधी कोणते?

कोणी मनात काहूर आहे, झोप नाही, म्हणून पितो. कोणी वर्षानुवर्षे पिऊन मनाचा आजार ओढवून घेतो. गांजाने, विशेषतः कोवळ्या वयात, भ्रम होऊ शकतो. पाट दोन ठिकाणी फुटला असेल, तर एकच भगदाड बुजवून पाणी पिकापर्यंत जात नाही. नुसती दारू सोडवली आणि मन तसेच राहिले, तर तो पुन्हा पितो. नुसत्या गोळ्या दिल्या आणि पिणे चालू राहिले, तर गोळ्या चुकतात. शिवाय दारूवर झोपेची गोळी घेणे जिवावर बेतू शकते.

एकाएकी तोडू नका

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. साप-मुंग्या दिसतात, घरचे माणूस ओळखू येत नाही. पुष्कळ घरी याला बाधा समजून त्याला खांबाला बांधतात. यात माणूस दगावू शकतो. नवस जरूर बोला, पण आधी दवाखाना गाठा. तिथे शांत करणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्वही देतात.

येरवड्याचा धडा

डॉ. अनिता अवचट पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दने तरुण पोरे नासत होती, त्यावर डॉ. अनिल अवचटांनी लिहिले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. औषधाने अंगातले विष उतरते, पण सवय उतरत नाही, हे तिथे ओळखले गेले. म्हणून गटात बोलणे, अंगमेहनत, घरच्यांना सामील करून घेणे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा, अशी रीत बसली. अनिताताई १९९७ साली गेल्या. काम आजही चालू आहे.

बिडीचे काय?

भेटायला जाताना रुग्णासाठी बिडीचे बंडल नेऊ नका. बिडीच्या धुराने मनाच्या आजाराची काही औषधे अंगात लवकर संपतात. आणि बिडी सुटली, की तोच डोस जास्त होऊ शकतो. म्हणून बिडी धरली किंवा सोडली, तर डॉक्टरांना सांगा.

घरच्यांनी काय करावे?

डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. लाजेने एकही झाकू नका. जेवणात चोरून दारू सोडवायची पूड घालू नका. त्यावर तो प्यायला, तर जीव धोक्यात येतो. तो बरा असताना त्याच्याशी बोलून ठरवा, की तुरीची पट्टी घरधनिणीच्या हाती यावी. पाय पुन्हा घसरला, तर टोमणे न मारता त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. असे घसरणे या आजारात होते. तेवढ्याने उपचार फुकट गेले असे समजू नका.

२०१७ च्या कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकारही मानसिक आजारांत धरले आहेत. सरकारी दवाखान्यात त्यांवर उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. दुधनीहून रेल्वेने सोलापूर दूर नाही. तिथल्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा. मनाच्या आजारासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ या क्रमांकांवर फोन करून सल्ला मिळतो.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरच्या माणसासाठी पुढच्या सुगीची वाट पाहू नका.