पैसा आणि गाठीभेटी : आफ्रिकेतल्या हरित उद्योगांची उभारणी

सौर दिवे विकणे, कमी कोळशावर चालणारी शेगडी बनवणे, शहरातले प्लास्टिक गोळा करून कारखान्याला देणे, कचऱ्यापासून खत तयार करणे हे आफ्रिकेतले हरित उद्योग बहुतांशी छोटे आहेत. नफा दिसायला त्यांना काही वर्षे लागतात. बँक मात्र पहिल्याच दिवशी तारण मागते, आणि व्याजही जबर असते. घानामध्ये २०२३ च्या सुमारास कर्जाचा सरासरी दर ३० टक्क्यांच्या पुढे होता. अशा दराने पैसा उचलून नवे तंत्र आजमावणे कुणालाही परवडत नाही. सुरुवातीची ही जोखीम पेलण्यासाठी अनुदान लागते.

या कामाची एक पद्धतशीर मांडणी ‘स्विच आफ्रिका ग्रीन’ या कार्यक्रमात दिसते. युरोपीय संघाच्या पैशातून आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमामार्फत तो २०१४ पासून बुर्किना फासो, घाना, केनिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा या देशांत राबवला गेला. धोरण आखायला सरकारांना मदत, उद्योगांसाठी अनुदान आणि संबंधितांचे जाळे विणणे अशी त्याची तीन अंगे होती. अनुदान प्रामुख्याने उद्योजक संघटना, विद्यापीठे, स्वच्छ उत्पादन केंद्रे अशा मधल्या संस्थांना मिळे आणि त्या अनेक लहान उद्योगांना प्रशिक्षण व सल्ला देत. एकेका दुकानदाराचा हिशेब परदेशातून तपासत बसण्यापेक्षा ही पद्धत शहाणपणाची होती, कारण अनुदान संपल्यावरही सल्ला देणारी संस्था त्याच गावात राहते.

जाळे विणण्याचा नेमका फायदा केपटाउनच्या परिसरात पाहायला मिळतो. तिथली ‘ग्रीनकेप’ ही संस्था कारखान्यांना एकत्र बसवते आणि एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याला कच्चा माल म्हणून चालेल का, हे तपासते. शेजारच्या कारखान्यातून काय फेकले जाते, हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसते. तेवढी माहिती हाती आली की एकाचा कचरा वाहून नेण्याचा खर्च वाचतो आणि दुसऱ्याला स्वस्त माल मिळतो.

अनुदान आणि माणसांचे संबंध एकमेकांत कसे मिसळतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण केनियातले आहे. ब्रिटिश सरकारच्या एका स्पर्धात्मक निधीने व्होडाफोन कंपनीला सुमारे १० लाख पौंड दिले. अट अशी की तेवढीच भर कंपनीने स्वतःच्या खिशातून घालावी. लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरता येतील का, एवढाच प्रश्न त्या पैशातून तपासायचा होता. २००५ च्या चाचणीत लोक त्याच सोयीने एकमेकांना पैसे पाठवू लागले आणि २००७ मध्ये ‘एम-पेसा’ ही सेवा केनियाभर सुरू झाली. हा प्रकल्प व्होडाफोनमध्ये उभा करणारे निक ह्यूज पुढे ‘एम-कोपा’ या कंपनीचे सहसंस्थापक झाले. २०१२ पासून ही कंपनी सौर संच हप्त्यांवर विकू लागली. आधी थोडी अनामत भरायची, मग रॉकेलवर होणाऱ्या खर्चाच्या आसपासचा छोटा हप्ता मोबाइलवरून भरत राहायचे. हप्ता थकला की संच दुरूनच बंद करता येतो आणि सगळे हप्ते फिटले की तो घरमालकाचा होतो. मोबाइलवरून पैसे घेण्याची सोय आधीच झाली नसती, तर रोजच्या किरकोळ वसुलीचा खर्चच या धंद्याला बुडवून गेला असता. वीज न पोचलेल्या घरांतल्या दिव्यांमागे एका वेगळ्याच कामासाठी दिलेले अनुदान आहे, ही गोष्ट निधी वाटणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी.

निम्मा पैसा उद्योजकाने घालायचा, ही अट पुढे अनेक निधींनी उचलली. २००८ मध्ये सुरू झालेला ‘आफ्रिका एंटरप्राइझ चॅलेंज फंड’ अनुदानाबरोबर बिनव्याजी कर्जही देतो. स्वतःचा पैसा अडकलेला माणूस धंदा सहजासहजी सोडून देत नाही. पण ज्याच्याकडे घालायला काहीच नाही, तो याच अटीमुळे दारातच अडतो. अशांसाठी ‘टोनी एलुमेलू फाउंडेशन’चा मार्ग सोयीचा आहे. नायजेरियातली ही संस्था २०१५ पासून आफ्रिकेतल्या निवडक नवउद्योजकांना प्रत्येकी ५,००० डॉलर देते. ते परत करायचे नसतात, आणि सोबत प्रशिक्षण व अनुभवी मार्गदर्शकही मिळतो.

नुसत्या पैशाने मात्र भागत नाही. लेगॉसमधली ‘वीसायकलर्स’ ही कंपनी २०१२ पासून मालवाहू सायकलींवरून वस्त्यांमधला पुनर्वापरायोग्य कचरा गोळा करते आणि वजनाप्रमाणे कुटुंबांना गुण देते. त्या गुणांवर घरगुती वस्तू मिळतात. सायकली अनुदानातून घेता येतील. पण हा धंदा चालण्यासाठी शहराच्या कचरा व्यवस्थापनाशी सहकार्य आणि माल उचलणारे पक्के गिऱ्हाईक लागते, आणि त्या गोष्टी ओळखीतूनच जुळतात.

या सगळ्या व्यवस्थेचे मोठे दुखणे म्हणजे तिचा बराच पैसा बाहेरून येतो. अमेरिकेने २०१३ मध्ये ‘पॉवर आफ्रिका’ हा कार्यक्रम सुरू केला होता. २०२५ मध्ये तो चालवणारी ‘यूएसएड’ ही मदतसंस्थाच गुंडाळली गेली आणि तिच्यावर विसंबलेले उद्योग उघड्यावर पडले. रवांडाने मात्र २०१२ मध्येच स्वतःचा हरित निधी स्थापला. त्यातही परदेशी मदत आहे, मात्र पैसा कुणाला द्यायचा हे रवांडात ठरते. २०२२ मध्ये या निधीने देशाच्या विकास बँकेबरोबर ‘इरेमे इन्व्हेस्ट’ ही सोय उभी केली. प्रकल्पाची आखणी करायला तिथे अनुदान मिळते आणि प्रकल्प उभा करायला सवलतीचे कर्ज.