आजोबांच्या नावावरचा सातबारा

मुळा-पवनेच्या काठच्या सांगवीत आता शेत शोधावे लागते. कागदावर मात्र एखादा सर्व्हे नंबर अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर निघतो. विकसक दारात येतो, किंवा चाकणकडच्या जमिनीला भूसंपादनाची नोटीस लागते, तेव्हा धावपळ सुरू होते. भाऊबंदकीला तोंड फुटते ते याच घाईत. म्हणून विक्री-वाटपाचा विषय निघण्याआधीच आपण वारस नोंद लावून घ्यावी.

सुरुवात उताऱ्यांपासून करावी. सातबारा एका गटाची हकीकत सांगतो, तर आठ-अ एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावर नावासमोर फेरफार क्रमांक असतो. फेरफार म्हणजे नाव का आणि कसे बदलले याची नोंद. तो काढला की त्याच्या मागचा फेरफार सापडतो. गावठाणातल्या घराचे नगर भूमापन झाले असेल, तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. पालिकेच्या घरपट्टीवर नाव आहे एवढ्याने मालकी ठरत नाही.

उतारा वाचताना शेऱ्यांकडे नीट पाहावे. थोरल्या चुलत्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेले नाव आहे. तेवढ्यावरून जमीन त्यांच्या एकट्याची होत नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता. वारस लहान होता म्हणून पालकाचे नाव लागले, पुढे तो मोठा झाला, नोकरीला लागला, तरी शेरा तसाच राहतो. वयाचा पुरावा देऊन तो कमी करून घेता येतो. आणि बहिणींची, आत्यांची नावे जुन्या उताऱ्यांत पुष्कळदा मालकांच्या रकान्यात नसतात, ‘इतर हक्क’ या रकान्यात बसवलेली असतात. तीही तिथे शोधावीत.

मग वंशावळ लिहावी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि बहुतेक जाणूनबुजून. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुले, आधी वारलेल्या मुलीची मुलेही त्यात येतात. ‘लग्नात दिलं, आता तिचं काय?’ याला कायद्यात जागा नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका हक्क दिला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी वा विक्री त्यामुळे मोडत नाही.

मृत्यूचा दाखला, वंशावळीसह सगळ्या वारसांची नावे-पत्ते असलेले शपथपत्र, ओळखीचे पुरावे आणि उतारे जोडून तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा. मुदत तीन महिन्यांची आहे, पण वर्षे उलटली तरी नोंद होते. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी.

पुढे हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. नोंद झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नाव गळले म्हणून हक्क बुडत नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.

बहिणीला हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साध्या स्टॅम्पपेपरवरची सही चालत नाही. ‘वारस नोंदीचा कागद आहे, सही कर’ म्हणून हक्कसोड पुढे सरकवले जाते. त्यामुळे दुय्यम निबंधकासमोर सही करण्याआधी ताईंनी, आत्यांनी प्रत्येक पान वाचावे किंवा वाचून दाखवायला सांगावे. सही झाल्यावर ते रद्द करून घ्यायला वर्षे जातात.

वाटप त्यानंतर. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. एकजणही अडला तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो.

वकिलाची फी झेपत नाही म्हणून हिस्सा सोडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा. जाताना सातबारा, फेरफार, वंशावळ आणि आलेल्या प्रत्येक नोटिशीची प्रत सोबत न्यावी.