इफ्तारच्या कढईखालची निळी ज्योत

असरची नमाज झाली की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत मशिदीजवळच्या रस्त्यांना जाग येते. खजूर आणि कलिंगडाच्या गाड्यांशेजारी समोसे, भजी तळायला सुरुवात होते. मगरिबची अजान होईपर्यंत जेमतेम दीड-दोन तास मिळतात, आणि गर्दी सगळी शेवटच्या अर्ध्या तासात. कढईसमोर उभा असलेला भाऊ बहुधा स्वतःही रोजेदार असतो. पहाटेच्या सहरीनंतर घशाखाली पाण्याचा थेंब नाही आणि समोर तापलेलं तेल. अशा वेळी गॅसने दगा दिला तर धंदा जातोच, जिवालाही धोका होतो.

तळणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकली आणि गावाचं नाव दूरवर गेलं. खुसखुशीत कचोरीचं मर्म मंद आचेत आहे. समोशाचंही तसंच. आच हातात असली, तर पदार्थ हातात.

पूर्वी ही आच लाकडाची होती, आता गॅसची आहे. काही जण मोठ्या शहरातून जुना फ्रायर स्वस्तात आणतात. तो पाइपच्या गॅसवर, म्हणजे पीएनजीवर चालणारा असेल, तर त्याला थेट सिलिंडर जोडू नका. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पीएनजीच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. म्हणून पीएनजीच्या जेटचं छिद्र मोठं आणि एलपीजीचं बारीक असतं. जेट न बदलता सिलिंडर लावला तर बर्नर दुपटीच्या जवळपास आग ओकतो. ज्योत पिवळी होते, काजळी धरते, तेल भडकू शकतं. उलट, एलपीजीच्या जेटवर पीएनजी लावला तर तेल तापतच नाही. बदल करायचा तर जेट, रेग्युलेटर आणि पायलटचं जेट, तिन्ही त्या फ्रायरच्या कंपनीचेच घ्यावेत आणि जाणकार मिस्त्रीकडून बसवून घ्यावेत. सुईने छिद्र मोठं करणं किंवा भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर फ्रायरला लावणं हा जुगार आहे.

ज्योत वाचायला शिकावं. निळी आणि स्थिर असेल तर सगळं ठीक. पिवळी असेल तर हवा कमी पडते आहे. बर्नरची हवेची झडप आणि जेट साफ करून घ्यावं. ज्योत बर्नरवरून उचलली जात असेल, तर हवा किंवा प्रेशर जास्त आहे.

दुसरी नेहमीची तक्रार अशी : “भाईजान, बटन सोडलं की पायलट विझतो.” पायलटच्या ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं. ते तापलं की थोडीशी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप आपोआप बंद होते. म्हणून पेटवल्यावर बटन अर्धा मिनिट दाबून धरावं. तरीही विझत असेल तर टोकावर काजळी असेल, जोड सैल असेल किंवा थर्मोकपल निकामी झालं असेल. घाईत बटन तार बांधून दाबून ठेवणारेही असतात. असं केलं की ज्योत विझली तरी गॅस वाहत राहतो.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला की जमिनीलगत साचतो. म्हणून रोज पेटवण्याआधी नळी आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी पेटवून तपासू नये. वास आला तर गॅस बंद करावा, आसपासची आग विझवावी, विजेच्या बटनाला हात लावू नये आणि दूर जाऊन १९०६ वर फोन करावा. गर्दीत सिलिंडरवर दव किंवा बर्फ जमतो आणि आच मंदावते. एकाच सिलिंडरमधून जास्त गॅस खेचल्याचं ते लक्षण. त्यावर गरम पाणी ओतू नये, सिलिंडर आडवा करू नये. १९ किलोचे दोन सिलिंडर जोडून घ्यावेत. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे.

तळण १७० ते १९० अंशांत होतं. तेल धुरकटलं की आच बंद करावी. पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावं. तेच तेल रोज वापरणंही बरं नाही. १ जुलै २०१८ पासून पोलर घटक २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला बंदी आहे. काळं, फेसाळ तेल खुशाल टाकून द्यावं.

रोजेदार दिवसभराच्या उपवासानंतर आपल्या हातचा पहिला घास विश्वासाने तोंडात घालतो. त्यासाठी दुपारी दहा मिनिटं काढून नळी, जेट आणि ज्योत तपासली, तर अजानच्या वेळी कढईसमोरचा भाऊही सुखाने खजूर हातात घेईल.