मोबाईलवर पिकाची माहिती शोधताना: जाहिराती टाळा, आपली माहिती जपा

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक. पाने पिवळी पडू लागली की आता बरेच शेतकरी आधी मोबाईल काढतात आणि 'सोयाबीन पिवळा मोझॅक औषध' असे शोधतात. समोर येणाऱ्या वरच्या दोन-चार ओळी अनेकदा जाहिराती असतात. त्यांच्याजवळ बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' लिहिलेले असते. ही जागा पैसे देऊन घेतलेली असते, माहिती चांगली आहे म्हणून मिळालेली नसते.

याचा फटका कसा बसतो ते याच रोगावरून पाहा. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असून तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. विषाणू मारणारे फवारणीचे औषध नाही. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि शिफारशीतील कीटकनाशकाने पांढरी माशी आटोक्यात ठेवणे, एवढेच आपल्या हातात असते. जाहिरातीतले टॉनिक मारून आठवडाभर वाट पाहिली, तर तेवढ्यात रोग पुढच्या ओळींत पोचतो. शिवाय चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. तेव्हा कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात. हा फरक जाहिरात तुम्हाला सांगणार नाही. शंका असेल तर झाडाचा नमुना घेऊन तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा.

एकदा शोधले की त्याच औषधाच्या जाहिराती पुढे कित्येक दिवस दुसऱ्या अ‍ॅपमध्येही दिसतात. फोन आपले बोलणे चोरून ऐकतो असे गावात सर्रास म्हटले जाते, पण त्याची गरजच पडत नाही. तुम्ही काय शोधले, कुठून शोधले आणि कोणती पाने उघडली, यावरूनच जाहिराती ठरतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', मग 'अ‍ॅड्स' येथे जाहिरात ओळख क्रमांक काढून टाकता येतो. गुगल खात्यात वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात आणि शोधाची नोंद तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी सोयही आहे. 'इनकॉग्निटो' वापरून मात्र फार काही साधत नाही. त्याने फक्त तुमच्या फोनवर नोंद राहत नाही.

मोबाईलमधील क्रोममध्ये जाहिराती अडवणारी जोडणी बसत नाही. त्याऐवजी फायरफॉक्स घेऊन त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' जोडा. हे दोन्ही मोफत आहेत, आणि पाने हलकी झाल्याने शिवारात रेंज कमी असतानाही लवकर उघडतात. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये ही सोय आधीपासूनच असते. शोधासाठी डकडकगो वापरून पाहा. जाहिराती तिथेही असतात, पण त्या तुम्ही टाकलेल्या शब्दांवरून येतात. तुमचा जुना इतिहास साठवून नव्हे. मराठी शोधात मला गुगलचे निकाल अजून सरस वाटतात, त्यामुळे दोन्ही ठेवायला हरकत नाही.

खरी जोखीम मात्र योजनांच्या शोधात आहे. सौर पंपासाठी असलेल्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे नोंदणीचे पैसे उकळतात, असा इशारा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2019 पासून वेळोवेळी दिला आहे. या योजनेत शेतकऱ्याला आपला हिस्सा खरोखरच भरावा लागतो, म्हणून पैसे मागितले तरी संशय येत नाही. अतिवृष्टीनंतर अनुदानाची यादी शोधतानाही माणूस असाच घाईत असतो. पत्ता नीट वाचा. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असते. मध्ये कुठेतरी 'जीओव्ही' लिहिलेले असणे पुरेसे नाही. महावितरणसारख्या काही संस्थांचा पत्ता वेगळा असतो. तो वीजबिलावरून पाहून स्वतः टाइप करा. आधार, सातबारा आणि बँक पासबुकाचे फोटो जाहिरातीतून उघडलेल्या अर्जात भरू नका. 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर ती ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी उघडू नका. बऱ्याचदा त्याचाच फोन आधी हॅक झालेला असतो.

जाहिरात अडवणाऱ्या सोयीमुळे कधीकधी सरकारी अर्जातील ओटीपीची खिडकी उघडत नाही. अशा वेळी पत्ता पुन्हा तपासून त्या एका संकेतस्थळापुरती ती बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी ती रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त असते.