साडेतेरा तासांचा हिशेब

लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दलचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोनशे किलोमीटर सायकल चालवून आलेल्या माणसाला नंदुरबारमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : “भाऊ, नंबर कितवा आला?” दुसरा प्रश्न सायकलच्या किमतीचा आणि तिसरा, जरा काळजीच्या सुरात, गुडघ्यांचा. तिन्ही प्रश्न आपुलकीचे असतात आणि तिन्ही चुकीच्या समजुतीवर उभे असतात. या समजुतींमुळेच अनेक जण रोज सकाळी पंचवीस-तीस किलोमीटर मारूनही पुढचं पाऊल टाकत नाहीत.

हौशी सायकलस्वारांनी मिळून ठरावीक मुदतीत लांब अंतर पार करायचं, या प्रकाराला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या संस्थेचे नियम जगभर पाळले जातात आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्सच्या छत्राखाली पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतले क्लब या राइड भरवतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. एका हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात, ही चारही अंतरं पूर्ण करणारा ‘सुपर रॅन्डोनर’ ठरतो. नंदुरबारच्या सायकलस्वाराला ब्रेव्हेसाठी बहुधा जिल्ह्याबाहेर जावं लागतं, पण तयारीला लागणारा सपाट रस्ता, घाट, ऊन आणि वारा हे सगळं तापीच्या दोन्ही काठांना हजर आहे.

गैरसमज : ही शर्यतच असते

वस्तुस्थिती : ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. आठ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांत आलेला, दोघांच्या हाती तेच प्रमाणपत्र पडतं. उलट फार लवकर पोचणंही नियमात बसत नाही. वाटेतल्या प्रत्येक तपासणी ठिकाणाला, म्हणजे ‘कंट्रोल’ला, बंद होण्याची जशी वेळ असते तशी उघडण्याचीही असते. २०० किलोमीटरचं शेवटचं कंट्रोल सुरुवातीनंतर ५ तास ५३ मिनिटांनी उघडतं. त्याआधी कोणी धडकलाच तर बाहेर थांबायचं.

घोटाळा होतो तो बातम्यांमुळे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. त्या खऱ्याखुऱ्या शर्यती; मागे गाडी, गाडीत मदतनीस, डोक्यावर घड्याळ. पुणे-गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ही त्याच जातीची. नाशिकहून पंढरपूरला निघणारी सायकलवारी मात्र वेगळी, तिथे चढाओढीचा प्रश्नच नाही. ब्रेव्हे या दोहोंच्या मधली : चढाओढ नाही, पण मुदत आहे.

गैरसमज : मुदत गाठायला तुफान वेग लागतो

वस्तुस्थिती : ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते, आणि तीही चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून. सकाळी सहाला निघालात तर संध्याकाळी साडेसातपर्यंत वेळ आहे. चालती सायकल ताशी २० ने राहिली तर रस्त्यावर दहा तास जातात आणि साडेतीन तास हाताशी उरतात.

हे साडेतीन तास कुठे जातात ते एखाद्या कंट्रोलवर उभं राहून बघावं. सायकल भिंतीला टेकवली, कार्डावर शिक्का घेतला, की काम खरं तर संपलं. पण मग मोबाइल चार्जिंगला लागतो, कोणीतरी दुसरा चहा सांगतो, गटाचा फोटो निघतो, फोटोत एक जण राहिला म्हणून परत निघतो, हातमोजे सापडत नाहीत. पाच मिनिटांचे पंचवीस होतात. असे सहा थांबे झाले की अडीच तास गेले. नवखे लोक मुदत चुकवतात ती बहुतेकदा अशी, थांबून थांबून. म्हणून उतरण्यापूर्वीच ठरवायचं : शिक्का, पाणी, खाणं आणि चला.

गैरसमज : लाखभराची सायकल नसेल तर विचारच सोडा

वस्तुस्थिती : सायकल माणसाच्या ताकदीवर चालणारी असावी, एवढीच मुख्य अट. कार्बनची असो, लोखंडी असो की हायब्रिड; किंमत कोणी विचारत नाही. पण गीअरकडे मात्र बघावं लागतं, विशेषतः सातपुड्याच्या बाजूला.

तोरणमाळचंच उदाहरण घ्या. शहाद्याहून सुमारे ५५ किलोमीटर, पायथ्यापर्यंत बऱ्यापैकी सरळ रस्ता आणि मग घाट. वरचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवर. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असलेल्या गीअरवर मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर सायकल ताशी साडेसात किलोमीटरने चढते. दम लागतो, पण चढते. साध्या बिनगीअरच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर त्याच वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम पंचवीस वेळा फिरेल. म्हणजे प्रत्येक फेरा उभं राहून, अंगाचा सगळा भार टाकून काढायचा. घाटात लोक सायकल हातात धरून चालतात ते याचमुळे. तेव्हा पैसे असतील तर ते हलक्या फ्रेमपेक्षा मागच्या मोठ्या कॅसेटवर (दातेरी चक्रांच्या संचावर), चांगल्या टायरवर आणि अंगाला बसणाऱ्या सीटवर आधी घालावेत.

गैरसमज : ग्रुप आहे ना, कोणीतरी सांभाळून घेईल

वस्तुस्थिती : ब्रेव्हे प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायची असते. घरची गाडी मागे लावता येत नाही. बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. अध्येमध्ये गाडीतून बाटली घेतली तरी नियमभंग होतो. दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पंक्चर किट आणि चेन जोडता येईल एवढी हत्यारं प्रत्येकाच्या पिशवीत हवीत आणि ती वापरताही यायला हवीत. मागचं चाक काढून परत बसवण्याची तालीम घरच्या अंगणात करावी, कोंडाईबारीच्या घाटात ट्रकच्या रांगेशेजारी नव्हे.

सहभागी स्वारांनी एकमेकांना मदत करायला मात्र पूर्ण मुभा आहे आणि गटाचा खरा फायदा तिथेच आहे. वेग २० वरून २५ वर नेला की हवा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचा त्यातला मोठा वाटा वाचतो. खानदेशात दुपारी पश्चिमेचा वारा तोंडावर आला, की चार जणांनी पाळीपाळीने पुढे राहणं आणि एकट्याने झुंजणं यातला फरक कोणालाही कळतो.

पण आडोशाची किंमतही असते. मागच्याला रस्ता दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे पुढचा. खड्डा दिसला की बोट खाली करून “खड्डा!” म्हणून ओरडायचं, थांबायचं असेल तर हात वर करायचा, मागून गाडी आली तर शेवटच्याने आवाज द्यायचा. अचानक ब्रेक मारायचा नाही, आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला ओव्हरलॅप होऊ द्यायचं नाही. महामार्गावर गप्पांसाठी जोडीने चालणं बंद, एकामागे एक चालायचं. आणि जो गट आपल्याला झेपत नाही त्याच्या मागे पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये ऊर फुटेस्तोवर धावायचं नाही. त्याची वसुली शेवटच्या पन्नासात होते.

गैरसमज : जितकं पाणी जास्त, तितकं चांगलं

वस्तुस्थिती : तहान मारणं वाईट, तसंच तहान नसताना लिटरमागून लिटर साधं पाणी ढोसणंही वाईट. घामातून मीठ जातं. वरून नुसतं पाणी भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, पुढे बरळणं ही त्याची लक्षणं आहेत. ऊन लागल्यासारखंच वाटत असल्याने सोबती त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. असा स्वार बरळू लागला तर राइड तिथेच संपवून दवाखाना गाठायचा. एरवी तहानेप्रमाणे प्यावं आणि सोबत मीठ पोटात जाऊ द्यावं : लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, किंवा ओआरएस, तेही पाकिटावर सांगितलेल्या पाण्यातच. घट्ट केलं म्हणून ते जास्त लागू पडत नाही, पोट मात्र बिघडतं.

खाण्याचंही तसंच. लांब राइडमध्ये ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम आकाराच्या केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. म्हणजे तासाला दोन केळी किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, जिथे रस्त्याच्या कडेने केळीचे मळे लागतात, ही अट जड नाही. गुळाची चिक्की, खजूर, उकडलेला मीठ लावलेला बटाटा, दही-भात यांवरही निभतं. ढाब्यावरची तर्रीदार शेवभाजी मात्र राइड संपल्यावर. तेलकट-तिखट जेवण पोटात रेंगाळतं आणि पुढचे दोन तास स्वारालाही रेंगाळवतं. भूक लागेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो, म्हणून पहिल्या तासापासून थोडं थोडं खात राहावं.

गैरसमज : गुडघे जातात, आणि हे काम तरण्या पोरांचं

वस्तुस्थिती : सायकलिंगमध्ये गुडघ्यांवर धावण्यासारखे आदळे बसत नाहीत. तरी दुखतात, त्याची कारणं बहुधा तीन : सीट खाली असणं, जड गीअर रेटणं आणि आठवड्यात एकदम अंतर वाढवणं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा, ही घरगुती मोजणी सुरुवातीला पुरते. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेरे होतील असा हलका गीअर ठेवावा.

वयाचं म्हणाल तर फ्रान्सच्या रॉबर्ट मार्शां यांनी ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. पोरींचं काम नाही म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची वेदांगी कुलकर्णी आहे. विशीतल्या या मुलीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सायकलवरून जगप्रदक्षिणा केली. अर्थात हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज : न झोपणाराच खरा मर्द

वस्तुस्थिती : ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. ताशी २० ने चालवलं तर ३० तास जातात. उरलेल्या दहात खाणं भागवूनही तीन-चार तासांची झोप बसवता येते. ती न घेता डोळे ताणणाऱ्याला पहाटे सायकलवरच डुलकी लागते. डोकं जड झालं की सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटं आडवं होणं हा शहाणपणा आहे.

३०० पासून पुढे अंधार टळत नाही. हेल्मेट, सायकलला पुढे-मागे पक्के दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हे ब्रेव्हेचे नियम म्हणून तर पाळायचेच, पण आपल्या रस्त्यांसाठी तर हवेतच. शहाद्याकडे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या दिशेने उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो, बाहेर आलेलं वाढं दिव्याच्या झोतात शेवटच्या क्षणी दिसतं आणि सांडलेला ऊस रस्त्यावर पडलेला असतो. तिथे वेग कमी आणि झोत लांबचा, याला पर्याय नाही.

गैरसमज : अर्धवट सोडलं म्हणजे नाक कापलं

वस्तुस्थिती : पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची राइड या जगातली पंढरी. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, आता हौशींसाठी दर चार वर्षांनी भरते. पुढची २०२७ मध्ये. ९० तासांची मुदत असलेल्या या राइडला सुपर रॅन्डोनर मालिका पूर्ण केलेल्यांनाच प्रवेश मिळतो, तरी तिथेही प्रत्येक वेळी शेकडो जण मध्येच थांबतात. यादीत त्यांच्या नावापुढे तीन अक्षरं लागतात, डीएनएफ, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’, आणि पुढच्या खेपेला तेच लोक परत उभे असतात.

सुरुवात करायची असेल तर नंदुरबार-प्रकाशा-शहादा-तळोदा-हातोडा पूल-नंदुरबार ही फेरी हाताशी आहे. अंतर शंभराच्या आतबाहेर, जवळजवळ सगळी सपाटी, तापी दोनदा ओलांडायची आणि दर पंधरा-वीस किलोमीटरवर गाव. थंडीच्या दिवसांत, तीन-चार जणांनी मिळून, सात तासांची मुदत घालून ती करावी. थांब्यांची वेळ कागदावर लिहावी, काय खाल्लं तेही लिहावं. ही फेरी दोन-तीनदा आरामात पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, की २०० ची नोंदणी करायला हरकत नाही.