खोलून पाहू – भाग ९ : पडद्यामागचा उजेड

गेल्या आठवड्यात गेम बॉय या हातात धरायच्या व्हिडिओ गेमच्या सेलच्या कप्प्यातला हिरवट गंज आपण व्हिनेगरने काढला. सेल बसवले, लाल दिवा लागला. पण रात्री खेळायला बसलात तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. घाबरू नका, तोच गेम सकाळी खिडकीशी धरा, सगळं स्वच्छ दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नाही.

दहिसरला आमच्या बिल्डिंगमध्ये गेम बॉय एकच होता, मामाने मस्कतहून आणलेला. दिवेलागणीला आम्ही चार पोरं जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली जमायचो. खेळायचा एक, आणि बाकीचे तिघं ‘जरा तिरका धर रे’ म्हणत राहायचे. त्या तिरकं धरण्यामागचं कारण मला पडदा खोलला तेव्हा कळलं.

हा पडदा म्हणजे काचेच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिक. पुढे आणि मागे पोलारायझरची एकेक फिल्म. पोलारायझर म्हणजे उजेडाचा कंगवा समजा. एकाच दिशेने डोलणारा उजेड त्याच्या दातांतून पार होतो, बाकीचा अडकतो. द्रवस्फटिक उजेडाला पीळ देतो, म्हणून तो मागच्या कंगव्यातूनही निसटतो. एखाद्या ठिपक्याला वीज दिली की पीळ बदलतो, उजेड अडतो आणि ठिपका काळा दिसतो. असे आडवे १६० आणि उभे १४४, म्हणजे एकूण २३,०४० ठिपके. सगळ्यात मागे मिठाईवरच्या वर्खासारखा चंदेरी थर असतो. खोलीतला उजेड पुढून आत शिरतो, वर्खावर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. जिन्यातली ट्यूबलाइट त्या वर्खावर नेमकी पडावी, म्हणून ते तिरकं धरणं.

मग निन्टेन्डो कंपनीने आत दिवा का नाही दिला? १९८९ साली गेम बॉय आला तेव्हा दिव्याचे पडदे अस्तित्वात होते. त्याच वर्षीच्या अटारी लिंक्सला आणि पुढच्या वर्षीच्या सेगा गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता. पण गेम गिअरचे सहा सेल तीन ते पाच तासांत मान टाकत. गेम बॉयचे चार सेल त्याच्या कितीतरी पट टिकत. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई हे स्वस्त, मुरलेल्या तंत्राला नव्या कामाला जुंपणारे गृहस्थ. त्यांनी उजेड सोडला आणि सेल वाचवले. सेल आणायला ज्यांना वडिलांकडे पैसे मागावे लागत, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

पुढेही कंपनी बराच काळ याच वाटेने गेली. दिव्याचा गेम बॉय लाइट १९९८ मध्ये निघाला, पण तो जपानबाहेर विकलाच नाही. २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सही अंधाराच होता. २००२ मध्ये त्याच्यासाठी आफ्टरबर्नर नावाचा बाहेरचा किट आला आणि लोकांनी घरीच पडद्यासमोर दिवा बसवला. अ‍ॅडव्हान्सला कंपनीचा स्वतःचा दिवा २००३ च्या एसपी मॉडेलमध्ये मिळाला.

आता आपलं काम. किट ऑनलाइन मिळतो. त्यात उजेडाची पातळ पाटी आणि पोलारायझरची नवी फिल्म असते. बाकीचं सामान, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा पेचकस, लॅमिंग्टन रोडला मिळेल. दहिसरहून लोकलने निघून ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा.

सेल काढा, कार्ट्रिज काढा. मागचे सहा स्क्रू सोडवा, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात आहेत. दोन बोर्डांना जोडणारी पट्टी सरळ ओढून काढा, वाकडी ओढू नका. पुढच्या बोर्डाचे स्क्रू काढले की काच हाती लागते. काचेला चिकटलेल्या तपकिरी पट्ट्यांवर ताण येऊ देऊ नका, त्या तुटल्या की पडद्यावर उभ्या रेघा गायब होतात.

पुढची दहा मिनिटं सगळ्यांत अवघड. पट्ट्यांपासून लांबच्या कोपऱ्यात, काचेला समांतर ब्लेड सरकवा आणि मागचा थर उचला. वर्ख आणि जुना पोलारायझर एकत्रच निघतात. घाई केली तर काच तडकते. खाली राहिलेला गोंद अल्कोहोलने भिजवा, थांबा, मगच पुसा. या वेळी पंखा बंद ठेवा. आमच्याकडे रस्त्याची धूळ खिडकी लावली तरी आत येते, आणि काचेमागे अडकलेला एक कण पुढे रोज डोळ्यांत खुपतो.

नवी फिल्म आणि पाटी मागे सरकवण्याआधी फिल्म फिरवून पाहा. चित्र उलटं, काळ्यावर पांढरं दिसलं तर ती काटकोनात वळवा. काही जण मुद्दाम उलटीच ठेवतात आणि ७४एचसी०४ ही छोटी चिप घालून ठिपक्यांचे संकेतही उलटवतात. दोन्ही उलट्यांचं सुलट होतं आणि काळं जास्त गडद दिसतं.

शेवटी दोन वायर. मीटरने बोर्डावर ५ व्होल्ट आणि ग्राउंड शोधा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरलेले २ रेझिस्टरने खायचे. १० मिलिअँपिअर हवे असतील तर २०० ओहम. किटमध्ये रेझिस्टर आधीच असेल तर दुसरा घालू नका. उजेड कमी वाटला म्हणून रेझिस्टर काढूनही टाकू नका, योकोईंनी वाचवलेले सेल तुम्ही संपवाल.

वर्ख एकदा निघाला की परत चिकटत नाही. म्हणून पहिला हात घरातल्या बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरवर मारा. त्याच्याही काचेमागे असाच चंदेरी थर असतो. तो काच न तडकता निघाला, तरच गेम बॉय खोलायला घ्या.

(पुढील भागात : स्पीकरची खरखर)